जागणाऱ्यांच्या झोपेचे वैद्य

निद्राविकारांवर उपचार करणारे तज्ज्ञ घडविण्यासाठी देशभर एकच प्रमाणित शिक्षणक्रम असावा, ही सूचना प्रथम कानी पडली म्हणजे सामान्य वाचकाच्या ओठांवर हसू उमटण्याचा संभव आहे. ज्या देशात क्षयरोगाने अजून आपले बिऱ्हाड हलविलेले नाही आणि अडलेल्या बाळंतिणीला घेऊन तालुक्याच्या गावाकडे धाव घ्यावी लागते, तेथे झोपेचे डॉक्टर कशाला हवेत? ज्यांना मऊ गादीवरही झोप येत नाही अशा धनिकांचे हे चोचले आहेत; कष्टकऱ्याला दगडावरही झोप लागते, असा आपला पिढीजात समज आहे. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण त्या समजातूनच जन्मली. परंतु म्हणीत जे दारिद्र्याचे सांत्वन असते, ते राज्यकारभाराचे धोरण होऊ शकत नाही. धोंड्यावर झोप लागते हे खरे. पण ती झोप माणसाला दुसऱ्या दिवसासाठी उभे करते काय, हा प्रश्न त्या म्हणीने कधी विचारलेला नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे, आणि तो मुंबई-दिल्लीच्या वातानुकूलित रुग्णालयांतून न विचारता अळणावरसारख्या गावातून विचारावा, असे आम्हांस वाटते.

गोमंतकीय वाचकास अळणावर अपरिचित नाही. वास्कोहून निघालेली गाडी कुळ्यापासून घाट चढू लागते, दूधसागर ओलांडून कॅसलरॉकला पोचते, लोंढ्याला फाटा घेते आणि धारवाडकडे वळल्यावर दाट झाडीच्या कडेने जे जंक्शन लागते ते अळणावर. दांडेलीकडे जाणारा लोहमार्ग येथूनच फुटतो. धारवाड जिल्ह्यातील हे गाव अलीकडे तालुक्याचे ठिकाण झाले. बाजारात कानडीबरोबर मराठी, कोंकणी आणि उर्दू सहज ऐकू येते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मुरगाव बंदर दख्खनच्या पठाराशी जोडले गेले, तेव्हापासून गोव्याचे धान्य, इंधन, प्रवासी आणि रुग्ण याच वाटेने ये-जा करीत आले. मुरगावात उतरलेला कोळसा याच मार्गाने वर चढतो. घाटातील चढ सदतीसास एक असा खडा असल्यामुळे गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात, आणि उतरताना तर ब्रेकवरचा हात क्षणभरही ढिला पडून चालत नाही.

ही सारी वाहतूक दिवसाउजेडी होत नाही. मालगाडीला वेळापत्रक नसते; ती केव्हाही सुटते आणि केव्हाही थांबवून ठेवली जाते. तिच्याबरोबर ड्रायव्हर, त्याचा साहाय्यक आणि गार्ड जागतात. या पदांची नावे आता लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर अशी झाली आहेत, पण रात्र तीच आहे. त्यांच्यासाठी स्टेशनमास्तर जागतो, पॉइंट्समन जागतो, फाटकवाला जागतो, पावसाळ्यात रुळांवर दरड आली का हे पाहणारा गस्तीवाला कंदील वा बॅटरी घेऊन जागतो. रेल्वेच्या जुन्या काळात ड्रायव्हरच्या दारावर अवेळी थाप मारून त्याला कामावर बोलावणारा ‘कॉल बॉय’ असे. आज त्याचे काम दूरध्वनी करतो. साधन बदलले, परंतु उद्या आपण किती वाजता झोपणार हे आज ठाऊक नसणे, ही त्या संसाराची मूळ अवस्था पालटलेली नाही. निद्रावैद्यकाचा राष्ट्रीय शिक्षणक्रम ज्या रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला पाहिजे, तो रुग्ण हा आहे.

झोप म्हणजे शरीराचे नुसते बंद पडणे नव्हे, ही जाणीव आपल्या परंपरेला नवी नाही. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले, आणि मांडुक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न व सुषुप्ती यांची स्वतंत्र गणना केली. आधुनिक शास्त्राला मात्र या अवस्थांचे मोजमाप विसाव्या शतकाच्या मध्यावर साधले. शिकागो विद्यापीठातील नॅथानिएल क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी युजीन असेरिन्स्की यांनी १९५३ साली दाखवून दिले की, निजलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड ठरावीक कालांतराने वेगाने हलतात आणि त्या वेळी मेंदू जागृतीसारखाच कार्यमग्न असतो. झोपेला टप्पे आहेत, क्रम आहे, रचना आहे, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे शरीरातील पेशींच्या दैनिक घड्याळाचे रहस्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सूर्याच्या उदयास्ताशी बांधलेले असते, ड्यूटीच्या पाटीशी नव्हे. मध्यरात्रीनंतर, विशेषतः पहाटे तीन ते पाचच्या सुमारास, माणसाची सावधानता सर्वांत खाली उतरते, आणि चहाचे चार पेले त्या उतरणीला थोपवू शकत नाहीत.

या नैसर्गिक उतरणीत रोगाची भर पडली म्हणजे काय होते, हे घोरण्याच्या उदाहरणावरून समजेल. घोरणे हा आपल्याकडे विनोदाचा विषय. चार्ल्स डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’मध्ये उभा केलेला, उभ्या उभ्या झोपी जाणारा लठ्ठ पोरगा वाचून पिढ्यान्‌पिढ्या हसल्या. त्या पोराच्या झोपेला रोगाची चौकट १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी दिली आणि कादंबरीचेच नाव त्या रोगाला लाविले. निद्रेत घशाचे स्नायू सैल होतात, जीभ व टाळू मागे ढळतात आणि काही जणांचा श्वासमार्ग पार मिटून जातो. छाती ओढ घेत राहते, पण हवा आत शिरत नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो. मग मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि मोठ्या घरघराटासह श्वास पुन्हा सुरू होतो. दहा सेकंदांहून अधिक काळ श्वास असा अडणे हे एकदा-दोनदा घडले तर चिंता नाही. परंतु ज्यांचा रोग तीव्र असतो त्यांच्या बाबतीत ते तासाला तीस वेळांहून अधिक घडते. आठ तास अंथरुणात घालवूनही असा माणूस सकाळी थकलेलाच उठतो, आणि आपण रात्रभर जागलो याची त्याला दादही नसते. पुढे रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात ही पिलावळ त्याच्या मागे लागते. यावर १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सौम्य दाबाची हवा सतत सोडणारे यंत्र शोधून काढले, आणि ज्या रोगासाठी पूर्वी गळ्याला छिद्र पाडावे लागे तो घरच्या बिछान्यात आटोक्यात येऊ लागला.

हा रोग आपल्याकडे आहे तरी किती? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांत झोपेत श्वास बिघडण्याचे प्रमाण १९.५ टक्के आढळले; त्याच्या जोडीला दिवसा झापड येण्याचे लक्षणही असलेले ७.५ टक्के होते. दिल्लीच्या निमशहरी वस्तीतील पाहणीने २००६ साली हेच आकडे अनुक्रमे १३.७ आणि सुमारे ३.६ टक्के असे दिले. धनिकांचे चोचले म्हणून ज्याची बोळवण केली जाते तो विकार निमशहरी वस्तीत दर सात-आठ माणसांमागे एकाला सापडतो, याचा अर्थ स्पष्ट आहे. आणि हे फक्त एका रोगाविषयी झाले. निद्रानाश, दिवसा अचानक झोपेचा झटका येणारा नार्कोलेप्सीचा विकार, रात्री पायांत होणारी असह्य तळमळ, स्वप्नातील हातवारे प्रत्यक्ष करू लागण्याचा व कित्येकदा कंपवाताची वर्षानुवर्षे आगाऊ सूचना देणारा विकार, पाळ्या बदलून काम करणाऱ्यांची विस्कटलेली निद्रा, अशी मोठी मालिका पुढे आहे.

झोपेच्या अभावाची किंमत एकट्या रुग्णालाच मोजावी लागत असती, तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. ऑस्ट्रेलियातील संशोधक डॉसन व रीड यांनी १९९७ साली दाखविले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि चोवीस तासांच्या जागरणानंतर हे प्रमाण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्याने चालकाला मद्याची जी मर्यादा घातली आहे ती आहे ०.०३ टक्के! म्हणजे ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, परंतु जो पहाटेपासून जागा आहे, असा सज्जन मनुष्य रात्री दहाला चक्रावर बसला तर कायद्याने ज्याला आपण तुरुंगात घालू त्याच्याहूनही तो धोकादायक ठरू शकतो. रेल्वेत ड्यूटीवर चढताना फुंकर मारून मद्याची तपासणी होते. डोळ्यांची परीक्षा तर इतकी कडक असते की रंग ओळखण्यात थोडी गफलत झाली तरी इंजिन सुटते. शेवटची झोप केव्हा व किती झाली, झोपेत श्वास अडतो काय, हे प्रश्न मात्र त्याच दक्षतेने विचारले जात नाहीत.

त्याचे परिणाम आपल्या किनाऱ्यावरच घडलेले आहेत. २२ मे २०१० च्या सकाळी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयास असे आढळले की, विमानाचा कमांडर प्रवासातील सुमारे एक तास चाळीस मिनिटे झोपी गेला होता; त्याच्या घोरण्याचा आवाज यंत्राने टिपून ठेवला होता. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ बुद्धीवर जी जडता रेंगाळते, तिने त्याच्या निर्णयशक्तीवर परिणाम केला असावा, अशी नोंद अहवालात आहे. विमान फार उंचावरून येत आहे हे जाणून साहाय्यक वैमानिक उतरणे रद्द करा असे बजावीत राहिला. त्याचे ऐकले गेले नाही. रेल्वेचे उदाहरण याहून ताजे आहे. २ जून २०२४ रोजी पहाटे पंजाबात सरहिंदजवळ एक मालगाडी उभ्या मालगाडीवर आदळली. ड्रायव्हर आणि त्याचा साहाय्यक या दोघांचाही डोळा लागला होता, हे चौकशीत निष्पन्न झाले. अशा प्रसंगी ‘मानवी चूक’ असा शेरा मारून फाईल मिटते. परंतु सलग रात्री जागविलेल्या शरीराने पहाटे डोळे मिटले, तर ती चूक त्या मानवाची किती आणि त्याची पाळी लावणाराची किती, याची वाटणी कोण करणार? ती करण्याचे शास्त्र ज्याला अवगत आहे असा साक्षीदार आज न्यायासनापुढे अभावानेच उभा राहतो. तो साक्षीदार म्हणजेच निद्रावैद्य.

असे वैद्य घडविण्याची आपली व्यवस्था कशी आहे? ती अगदीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत फुफ्फुसरोग व अतिदक्षता यांच्या जोडीने निद्रावैद्यकाची सर्वोच्च पदवी दिली जाते. ऋषिकेशच्या संस्थेने निद्रावैद्यकाला स्वतंत्र डी. एम.चे स्थान दिले. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत निद्रेवरील संशोधनाची परंपरा आहे. झोपेतील श्वासरोधाच्या निदान-उपचाराविषयी भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून २०१४ साली मार्गदर्शक तत्त्वेही तयार केली. परंतु या तुरळक विहिरी झाल्या. पाणीपुरवठा योजना नव्हे. बाकी सर्वत्र झोप ही वाटून टाकलेली वडिलोपार्जित जमीन आहे. घोरणे कान-नाक-घसावाल्याकडे, श्वास छातीवाल्याकडे, झटके मेंदूवाल्याकडे, निद्रानाश मानसोपचारकाकडे, आणि रुग्ण बांधाबांधावरून हिंडतो आहे! एम. बी. बी. एस.च्या विद्यार्थ्याला झोपेची ओळख ओझरतीच होते. परिणामी रुग्णाच्या हाती सर्वांत सोपे ते पडते, ते म्हणजे झोपेची गोळी. अल्प्राझोलामसारखी औषधे २०१४ पासून कडक अनुसूचीत घातलेली असूनही लोक ती वर्षानुवर्षे घेत राहतात, आणि श्वास अडणाऱ्या रुग्णाला अशी गोळी दिली तर त्याचा घसा अधिकच सैल पडून रोग बळावू शकतो, हे देणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

परदेशांनी हा पसारा कसा आवरला हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत वैद्यक, मज्जारोग, मानसोपचार, बालरोग, कान-नाक-घसा अशा अनेक शाखांतील पदव्युत्तर डॉक्टरांना एक वर्षाच्या समान प्रशिक्षणाचे दार उघडले गेले, आणि २००७ पासून या साऱ्या शाखांच्या मंडळांनी मिळून एकच परीक्षा घेण्यास सुरुवात केली. युरोपातील निद्रासंशोधन संस्थेने निद्रावैद्याला काय यावे याची यादी आधी ठरविली, तीवर आधारलेला ग्रंथ सिद्ध केला आणि २०१२ पासून परीक्षाही सुरू केली. शाखा कोणतीही असो, ज्ञानाचे माप एकच, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे आणि ते आपणही निःसंकोच स्वीकारावे. परंतु तेथील शिक्षणक्रम जसाच्या तसा उचलून येथे आणणे, म्हणजे थंड देशातील कोट कोकणातल्या वैशाखात अंगावर चढविणे होय. आपला शिक्षणक्रम आपल्या रात्रींतून उगवला पाहिजे.

त्यासाठी पहिली गोष्ट अशी की, शिकणाऱ्या डॉक्टराने आपल्या रात्री केवळ प्रयोगशाळेत घालवू नयेत. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके रात्रभर नोंदविणारी पॉलिसोम्नोग्राफी वाचता येणे अगत्याचे आहेच. पण त्याने काही रात्री रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, मच्छीमारांच्या ट्रॉलरच्या धक्क्यावर, रात्रीच्या मुंबई-गोवा बसगाड्यांच्या थांब्यावर, औषध कारखान्याच्या तिसऱ्या पाळीत आणि स्वतःच्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या सान्निध्यातही काढाव्यात. दिवसा चार तास पत्र्याच्या छपराखाली, पोराबाळांच्या गलबल्यात झोपणाऱ्या माणसाला ‘शांत व अंधाऱ्या खोलीत निजा’ असा सल्ला देणारा वैद्य पुस्तकी पंडितच राहील.

दुसरी गोष्ट तंत्रज्ञांची. एका तज्ज्ञामागे यंत्र लावणारे, रात्रभर नोंदीवर नजर ठेवणारे, रुग्णाला मुखवटा नीट बसवून द्यायला शिकविणारे अनेक प्रशिक्षित हात लागतात. मुखवटा बोचतो म्हणून आठवड्यात यंत्र कोपऱ्यात टाकणारे रुग्ण थोडे नाहीत, आणि त्यांना परत वळविणारा बहुधा डॉक्टर नसून तंत्रज्ञ असतो. त्यांचा अभ्यासक्रम तज्ज्ञांच्या अभ्यासक्रमाबरोबरच लिहिला गेला पाहिजे, मागाहून जोडलेले ठिगळ म्हणून नव्हे. तिसरी गोष्ट अळणावरच्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टराची. त्याने तज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा नाही. परंतु रक्तदाबाच्या रुग्णाला ‘घोरता काय?’ आणि त्याच्या बायकोला ‘यांचा श्वास मध्येच थांबतो काय?’ हे दोन प्रश्न त्याने कानडीत, मराठीत, कोंकणीत विचारावेत, एवढे शिक्षण त्याला पदवीपूर्वीच मिळाले पाहिजे. निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नसून सवयींचे व विचारांचे वळण बदलण्याचा आहे, हे जगन्मान्य तत्त्व आता तज्ज्ञांपुरते कोंडून ठेवण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, आणि तीच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे असे आम्ही समजतो. घोरणारा ड्रायव्हर डॉक्टराकडे का जात नाही? अज्ञानामुळे जात नाही हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे भयात आहे. रोगाची नोंद झाली की इंजिनावरून उतरवतील, हलके काम देतील, भत्ता जाईल, पोरांचे शिक्षण अडेल, हा हिशेब प्रत्येक चालक मनाशी करीत असतो. निद्रावैद्यक केवळ निदान करून थांबले आणि त्या निदानाचा कागद साहेबाच्या टेबलावर गेला, तर हे शास्त्र कामगाराला छाटण्याचे नवे हत्यार ठरेल. मग रोगी आपला रोग अधिकच खोल दडवतील आणि गाड्या पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित होतील. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने झोपेतील मध्यम वा तीव्र श्वासरोधाचा समावेश वाहनपरवान्याच्या वैद्यकीय नियमांत केला, पण त्याबरोबरच रोग आटोक्यात असल्याचे वैद्यकीय मत मिळाल्यास परवाना देण्याची वाटही खुली ठेवली. या रोगावर उपचार आहे. उपचार घेणारा मनुष्य पुन्हा पूर्ण क्षमतेने काम करू शकतो. तेव्हा रुग्णाचे गुपित कोठवर राखायचे, प्रवाशांच्या जिवासाठी ते केव्हा मोडायचे, उपचाराच्या काळात त्याचे वेतन व पद कसे सुरक्षित राहील आणि त्याला कामावर परत केव्हा पाठवायचे, हे प्रश्न शिक्षणक्रमाच्या परिशिष्टात नव्हे, मुख्य प्रकरणात असले पाहिजेत.

या संदर्भात एक जुना वारसा स्मरणीय आहे. रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा निवाडा १९४७ साली न्या. जी. एस. राजाध्यक्ष यांनी दिला. हेच न्यायमूर्ती पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले. काम किती सघन आहे हे पाहून त्याचे तास आणि विश्रांती ठरवावी, हे तत्त्व त्या निवाड्याने रुजविले. इंजिन चालविणाऱ्यांनी १९७३ साली संप केला तो दहा तासांच्या ड्यूटीसाठी. म्हणजे झोपेचा प्रश्न या देशात रुग्णालयाच्या आधी कामगार चळवळीने मांडलेला आहे. न्यायालयेही मागे राहिली नाहीत. रामलीला मैदान प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निद्रेला जीविताच्या मूलभूत हक्कात स्थान दिले. आणि रात्रभर चौकशी करून माणसाला जागे ठेवणे हे त्याच्या मूलभूत मानवी गरजेवरचे आक्रमण आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये बजावले. हक्क घोषित झाला आहे. तो मोजून दाखविणारे शास्त्रज्ञ मात्र घडावयाचे आहेत. अन्यथा काय होते ते विमान वाहतुकीने दाखवून दिलेच. वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारलेले नियम अमलात येताच डिसेंबर २०२५ मध्ये शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली. तोवरचे वेळापत्रक कोणाच्या झोपेच्या उधारीवर चालले होते, हे त्या आठवड्यात साऱ्या देशाला कळले.

आता या शिक्षणक्रमाच्या स्वतःच्या दारातील अंधाराविषयी. जे निवासी डॉक्टर उद्या निद्रातज्ज्ञ होतील, ते आज स्वतः किती झोपतात? न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर प्रदीर्घ जागरणाच्या पाळीवर होते. त्या मृत्यूनंतर झालेल्या वादळातून तेथे आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली, आणि २००३ साली ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेने सलग काम साधारणतः बारा तासांहून अधिक नसावे असे म्हटले होते. त्यानंतर तीन दशके उलटली, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाला २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम देऊ नका, सात-आठ तास झोपू द्या, अशी शिफारस करावी लागली. शिफारस करावी लागते याचाच अर्थ नियम कागदावर निजलेला आहे. छत्तीस तास जागलेल्या विद्यार्थ्याला निद्रेचे महत्त्व शिकविणे हा विनोद निद्रावैद्यकाच्या वर्गात तरी घडू नये. ज्या विभागात प्रशिक्षणार्थींची झोप राखली जात नाही त्याला मान्यताच देऊ नये, हे शिक्षणक्रमाचे पहिले कलम असावे.

क्षय, कुपोषण, बाळंतपण हे प्रश्न आधी सोडवा, हा आक्षेप उरतो. तो प्रामाणिक आहे, परंतु त्यात प्रश्नांची रांग लावण्याची जी कल्पना आहे ती फसवी आहे. अळणावरच्या बाळंतिणीला रात्री धारवाडला नेणारा रुग्णवाहिकेचा चालक जागा आहे की अर्धा झोपेत, यावर तिचे व तिच्या बाळाचे प्राण अवलंबून आहेत. रोग एकमेकांशी रांग धरून येत नाहीत. ते हातात हात घालून येतात. शिवाय आमची मागणी नवे मनोरे उभारण्याची नाही. हुबळीला नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय आणि रेल्वेचे रुग्णालय आहे. १९५७ पासून चालत आलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. धारवाडला मानसिक आरोग्य व मज्जाशास्त्राची संस्था आहे. आणि लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, बांबोळी येथे, १८४२ पासूनची परंपरा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्रपाळीचे हजारो कामगार आणि त्यांना तपासू शकणाऱ्या शाखा एकाच लोहमार्गावर ओवलेल्या आहेत. या संस्थांनी एकत्र येऊन निद्रावैद्यकाचे एक प्रशिक्षण केंद्र चालवावे, दोन्ही राज्य सरकारांनी आणि रेल्वेने त्याचा भार वाटून घ्यावा, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राष्ट्रीय शिक्षणक्रमाचा पहिला प्रयोग तेथे करून पाहावा, अशी आमची सूचना आहे. दिल्लीत बसून लिहिलेला अभ्यासक्रम अळणावरला पोचायला किती वर्षे लागतील सांगता येत नाही; अळणावरच्या रात्रीतून लिहिलेला अभ्यासक्रम मात्र दिल्लीलाही उपयोगी पडेल.

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपल्याकडे म्हणतात. रेल्वे प्रशासन, आरोग्य खाते आणि वैद्यक आयोग यांपैकी कोण खरोखर निजले आहे व कोण सोंग घेऊन पडले आहे, याचा निवाडा या प्रश्नावर ते काय करतात यावरून होईल. तोवर घाटातून उतरणाऱ्या प्रत्येक रात्रीच्या गाडीत शेकडो प्रवासी निर्धास्त निजलेले असतात. पुढे कोणीतरी आपल्यासाठी जागा आहे, या एका विश्वासावर त्यांची झोप उभी आहे. त्या जागणाऱ्याला त्याची झोप परत देणे, हे त्या विश्वासाचे ऋण आहे. ते फेडण्यासाठी वैद्य घडवावयाचे आहेत.